बिल होते त्याला नकली, बिल नव्हते त्याला असली

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो. वर्ष मुद्दाम लिहीत नाही, कारण वर्षावरून माणसे ओळखू येतात आणि कोणाचे नाव न घेण्याचे बंधन मी स्वतःवर घालून घेतले आहे. ज्यांच्याविषयी हे आहे, त्यांना सणवारांवरून सारे उमगेल.

गुढीपाडव्यानंतरचा आठवडा: उत्तर सुरतेतील माझ्या पोलीस ठाण्यात नकली बुटांची पहिली तक्रार. हनुमान जयंतीची सकाळ: कंपनीने एका पार्सलवाल्याचे ओळखपत्र काढून घेतले. आखाजीचे, म्हणजे खानदेशातल्या अक्षय तृतीयेचे, दिवस: तक्रारी बंद झाल्या आणि त्या बंद होण्यालाच पुरावा मानण्यात आले. वटपौर्णिमेच्या आधी: खरा गुन्हेगार कोठडीत. त्यापुढच्या वर्षीची दिवाळी: कंपनी आणि गुन्हेगार यांची तडजोड.

जबाबदार व्यक्ती अशा. चौकशी न करता माणसाला चोर ठरवणारा कंपनीचा दक्षता अधिकारी. परत आलेल्या मालाचा ठेकेदार. तो माल न उघडताच 'तपासला' असा शिक्का मारू देणारे कंपनीचे व्यवस्थापक. आणि स्वस्तात मिळते आहे एवढे पाहून, कोठून आले हे न विचारता ब्रँडेड बूट पायात घालणारे आपण सर्व सुजाण नागरिक.

निवृत्त होऊन काही वर्षे झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांतले बरेचसे विसरलो. बुटांचे हे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही, कारण त्यातला एक भाग अजून मिटलेला नाही.

मी त्या ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळी हजेरी झाली, रात्रीच्या गस्तीची नोंद पाहिली, की तक्रारदारांना आत घ्यायचे असा शिरस्ता होता. त्या दिवशी पहिला तक्रारदार एक हिऱ्याचा दलाल होता. त्याने टेबलावर बुटाचे खोके ठेवले आणि खिशातून हिरे पाहण्याचे भिंग काढले. बूट त्याने मोबाइलवरून एका मोठ्या विक्री कंपनीकडे मागवले होते. पैसे रीतसर भरले होते, बिल रीतसर होते, खोके अस्सल होते. आतला बूट मात्र नकली होता. टाचेची शिलाई भिंगातून दाखवत तो म्हणाला, आयुष्यभर दुसऱ्यांना फसू दिले नाही, आणि आता लोक मला हसतात. त्याचा राग बुटापेक्षा त्या हसण्यावर जास्त होता. फसवणुकीच्या तक्रारींत असे नेहमी दिसते. पैसे जातात ते सोसते, फजिती सोसत नाही.

पुढच्या आठवड्यात तशाच आणखी काही तक्रारी आल्या. सगळ्यांची खोकी अस्सल, बिले अस्सल, बूट नकली. पाठोपाठ कंपनीचा दक्षता अधिकारी स्वतःच ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात नकाशाचे छापील कागद. सर्व तक्रारी एकाच पार्सलवाल्याच्या वाटपाच्या पट्ट्यातल्या आहेत, हे त्याने नकाशावर बोट ठेवून दाखवले. हा मनुष्य वाटेत खोके उघडतो, अस्सल काढतो, नकली घालतो, असे त्याचे म्हणणे होते. माणसाला कामावरून दूर केले आहे, त्याची नोंद सर्व भागीदार कंपन्यांना पाठवली आहे, आता तुम्ही अटक करा, असे तो म्हणाला.

मला त्याच्या म्हणण्यापेक्षा त्याची घाई खटकली. ज्याचा माल चोरीला जातो तो माल कोठे आहे हे आधी विचारतो. या गृहस्थाने अस्सल बूट कोठे गेले असतील, हे एकदाही विचारले नाही.

पार्सलवाला कोसाडच्या आवास वसाहतीत राहणारा, मूळचा धुळे जिल्ह्यातला, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. त्याला मी नोटीस देऊन बोलावले. येथे कायद्याचे एक कलम वाचकांना सांगणे मला आवश्यक वाटते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. नोटीस देऊन चौकशीला बोलावणे हा नियम आहे. अटक करायची तर कारण लेखी द्यावे लागते. 'कंपनीची इच्छा' हे कारण त्या कलमात नाही.

त्याचा जबाब मी स्वतः घेतला. तो खुर्चीवर बसेना. शेवटी हवालदाराने दटावले तेव्हा खुर्चीच्या कडेला टेकला. मी विचारले, खोके बदलणे शक्य आहे का.

"साहेब, टेप फाडली तर गिऱ्हाईक पार्सल हातात घेत नाही. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा, लिफ्टमध्ये कॅमेरा. दिवसभर मोबाइल सांगतो मी कुठे उभा आहे. बूट बदलायला बसू कुठे?"

हवालदार गुजराती होता, मनाने चांगला, तोंडाने तिखट. तो म्हणाला, चोर पण असंच बोलतो. पार्सलवाल्याने त्याच्याकडे पाहिले नाही. जबाब संपल्यावर, सही करून झाल्यावर, त्याने मला एवढेच सांगितले की वसाहतीतल्या मारुतीच्या देवळात तो सहकुटुंब गेला होता, आणि पायरीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "चपला सांभाळा रे, भाऊ आले." सगळे हसले. त्याच्या थोरल्या मुलीला ते कळण्याइतके वय झाले होते.

नोकरीत मी अनेक चोरांची रड ऐकली आहे. चोर बहुधा स्वतःच्या हालांबद्दल बोलतो. हा मुलीबद्दल बोलला. एवढ्यावर कोणी निर्दोष ठरत नाही हे मला माहीत होते. संशय मी सोडला नाही. फक्त तो एकाच माणसावर ठेवला नाही.

नंतर एक विचित्र गोष्ट घडली. तक्रारी थांबल्या. हिरेदलालासारखे रागावलेले गिऱ्हाईक येईनासे झाले. दक्षता अधिकारी पुन्हा आला. या वेळी त्याने मिठाई आणली होती, ती मी परत केली. त्याचा युक्तिवाद सरळ होता: माणूस काढला, नकली माल थांबला, आणखी पुरावा कसला हवा. माझ्या वरिष्ठांचाही फोन आला. एवढे स्पष्ट असताना अटक का नाही, कंपनी वरपर्यंत जाते आहे, असे त्यांनी विचारले. मी काही दिवस मागितले. त्यांनी नाखुशीने दिले.

त्याच सुमारास डी-स्टाफच्या, म्हणजे आमच्या शोधपथकाच्या, माणसाने एका खबऱ्याला आणले. हा खबऱ्या उधना स्टेशनच्या बाहेर फुटपाथवर बूट विकणारा, आणि विकतो ते सगळे नकली. मी त्याच्याकडे रागानेच पाहिले. तो मात्र स्वतःच तक्रार घेऊन आला होता.

"साहब, मैं तो बोल के कॉपी बेचता हूँ। गिऱ्हाईक को मालूम, मेरे को मालूम। वो सामने वाला दुकानदार असली बेच रहा है, मेरे से थोड़ा ही ऊपर के भाव में। असली इतने में आता कहाँ से है?"

हवालदार हसला. नकली विकणारा अस्सलाची फिर्याद घेऊन आला आहे, असे तो म्हणाला. मला हसू आले नाही, कारण जो प्रश्न कंपनीने विचारायचा तो फुटपाथवाल्याने विचारला होता.

साध्या कपड्यांतला माणूस त्या दुकानात पाठवला. दुकानदार बूट दाखवी, 'कंपनीचा सरप्लस माल' म्हणे, बिल मागितले की हात जोडून विषय बदली. बूट आणवून पाहिले. हिरेदलालाला बोलावून त्याचेच भिंग लावायला सांगितले. बूट अस्सल होते. म्हणजे ज्याच्याकडे बिल होते त्याच्या हाती नकली माल पडला होता, आणि बिलाविना घेणाऱ्याला अस्सल माल मिळत होता. हे एका पार्सलवाल्याचे काम नव्हे. एवढे बूट ठेवायला खोली लागते, माणसे लागतात आणि वेळ लागतो.

दुकानावर लगेच धाड का घातली नाही, असे कोणी विचारील. माल अस्सल होता, म्हणून नकली मालाचा व्यापारचिन्ह कायदा येथे लागत नव्हता, आणि तो चोरीचा आहे हे दाखवणारा पुरावा अजून हाती नव्हता. शिवाय दुकानदार हा साखळीचे शेवटचे टोक. ते ओढले की बाकीची साखळी हातातून निसटते.

मी मुद्देमालाच्या खोलीत गेलो. तक्रारदारांनी जमा केलेली खोकी तेथे लाखेच्या मोहरा करून ठेवली होती. पंचांसमक्ष एकेक उघडून पुन्हा पाहू लागलो. या वेळी बुटाकडे पाहिले नाही, खोक्यातल्या दुसऱ्या वस्तूंकडे पाहिले. बुटाभोवती एक पातळ पांढरा कागद गुंडाळलेला असतो. प्रत्येक खोक्यात तो कागद एकसारख्या पद्धतीने घातला होता. दोन्ही बाजू मध्ये आणून, वरची बाजू खाली दुमडून, शेवटचे टोक दोन बोटांनी आत खोचलेले.

ही खोच मला ओळखीची होती. मी लिंबायतला, सुरतेतल्या खानदेशी लोकांच्या वस्तीत, वाढलो. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला; आई घरी साड्यांच्या घड्या घालण्याचे काम घेई. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका ते काम करीत. साडीची घडी संपली की शेवटचे टोक आत खोचायचे, म्हणजे गठ्ठा बांधताना घडी सुटत नाही. कारखान्यातल्या यंत्रातून निघालेला कागद असा नसतो. खात्री करण्यासाठी त्याच पार्सलवाल्याने पोहोचवलेली, कोणतीही तक्रार नसलेली काही खोकी मी गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पाहिली. तेथे कागद नुसता एकावर एक टाकलेला होता, वर कंपनीची गोल चिकटपट्टी.

म्हणजे नकली बुटांचे प्रत्येक खोके एखाद्या साडीची घडी घालणाऱ्या बाईच्या हातातून गेले होते. आणि त्या क्षणी तक्रारी का थांबल्या, हेही माझ्या ध्यानात आले. आखाजी आली होती. खानदेशातल्या बायका वर्षभर काहीही सोसतील, आखाजीला माहेरी गेल्यावाचून राहणार नाहीत. त्या दिवसांत लिंबायतच्या गल्ल्या ओस पडतात, घरोघरी पुरुष स्वतः भात लावतात, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. पार्सलवाल्याला काढले म्हणून नकली माल थांबला नव्हता. घड्या घालणाऱ्या माहेरी गेल्या म्हणून थांबला होता. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या अधिकाऱ्याला आखाजी म्हणजे काय हे ठाऊक नसावे.

हे मी वरिष्ठांना सांगितले. ते गुजराती. म्हणाले, "अने तमे खोटा पडो तो?" मी चुकीचा ठरलो तर पार्सलवाल्याला मी स्वतः अटक करीन, असे मी उत्तर दिले.

मग फक्त वाट पाहायची होती. त्या काळात मी पार्सलवाल्याला काही सांगितले नाही; तपासातली गोष्ट संशयिताला सांगता येत नाही. तो एकदा ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला, असे पहाऱ्यावरच्या शिपायाने सांगितले.

आखाजी संपली. बायका परतल्या, पापड-कुरडयांचे डबे घेऊन. आणि त्यानंतर लवकरच नकली बुटांची नवी तक्रार आली. पट्टा वेगळा होता, पार्सलवाला वेगळा होता, आमचा संशयित घरी बसलेला होता. मी खोके उघडले. टोक आत खोचलेले होते.

आता शोधायचे होते ते एवढेच की लिंबायतमध्ये साड्यांखेरीज दुसऱ्या कसल्या घड्या कोठे घातल्या जातात. डी-स्टाफला तेथे जास्त विचारावे लागले नाही. एका बंद पडलेल्या लूमच्या खोलीत नव्या खोक्यांचे टेम्पो येतात, हे गल्लीला माहीत होते. त्यात काही वावगे आहे हे मात्र गल्लीला माहीत नव्हते. फसवणूक आणि विश्वासघात या कलमांखाली आम्ही पंचांसह आत गेलो. एका बाजूला गोण्यांत नकली बूट. ते परराज्यातून ट्रान्सपोर्टने येत; मालाच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, 'रबरी चपला' लिहिलेले असे. दुसऱ्या बाजूला कंपनीची अस्सल खोकी. मध्ये सतरंजीवर बायका बसून नकली बूट अस्सल खोक्यात घालीत होत्या.

पोलीस पाहून त्या उठल्या, पण पळाल्या नाहीत. पळायचे कशाला, हेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईला मी विचारले, हे काम कोणाचे.

"आम्हले काय मालूम, भाऊ? ठेकेदार खोकं देस, आम्ही कागद घालतस," ती म्हणाली. कागदाचे टोक आत का खोचता, असे विचारल्यावर ती माझ्याकडे खुळ्याकडे पाहावे तशी पाहू लागली. "हातले सवय शे. टोक बाहेर ठेवं ते घडी कशी म्हनाची?"

सवय हातात मुरते, तोंडात नाही. म्हणून माणूस खोटे बोलताना तोंड सांभाळतो, हात सांभाळत नाही. येथे तर खोटे बोलणारा एक आणि हात दुसऱ्यांचे होते. त्या बायकांना मी साक्षीदार केले, आरोपी केले नाही. त्यावरूनही मला बोलणी बसली.

ठेकेदाराला ठाण्यात आणले. हा गृहस्थ परत आलेल्या मालाचा ठेकेदार. माप बसले नाही, रंग आवडला नाही म्हणून गिऱ्हाईक बूट परत पाठवतो, तो कंपनीच्या गोदामातून याच्याकडे येई. याने तो तपासायचा, साफ करायचा, पुन्हा बांधायचा, आणि कंपनीने तो नवा म्हणून विकायचा. हा अस्सल बूट काढून घेई, नकली आत घाली आणि 'तपासला' असा शिक्का मारून खोके परत पाठवी. अस्सल बूट उधन्याच्या दुकानात जाई. परत आलेला माल आधी कंपनीच्या गोदामाजवळच्या भागात खपवला जाई, म्हणून पहिल्या तक्रारी एकाच पट्ट्यातल्या होत्या.

हे सर्व मला नंतर कळले. त्या दिवशी तो शांत होता. वकिलाला फोन करून झाला होता. लिंबायतच्या खोलीशी आपला काही संबंध नाही, बायका खोटे बोलतात, असे तो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि बुटांविषयी काहीच विचारले नाही. तुमच्याकडे परतीचा माल बांधतो कोण, एवढेच विचारले. गोदामात मशीन आहे, तो म्हणाला. सगळा माल मशीनवरच? सगळा. हाताने काहीच नाही? काहीच नाही. हे मी लिहून घेतले, त्याला वाचून दाखवले, त्याने मान हलवली. मग कंपनीकडूनच मागवलेली त्याच्या कामाची माहिती पुढे ठेवली. आखाजीच्या दिवसांत त्याने एकही खोके परत पाठवलेले नव्हते.

"तुमच्या मशीनला आखाजीची रजा लागते का?" मी विचारले.

त्याने कप बाजूला सारला. मग वकील येईपर्यंत थांबू का, असे विचारले. जरूर थांबा, मी म्हणालो, तो तुमचा हक्क आहे. वकील येण्याआधीच तो बोलू लागला. मी त्याला थांबवले. वकिलासमोरच बोला म्हणालो. ठाण्यातला कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही, हे पोलिसाने विसरू नये. पण वकील आल्यावर त्याने माल ठेवल्याची जागा सांगितली, आणि त्या बोलण्यावरून अस्सल बूट जेथे सापडले, तो पुरावा टिकतो. उधन्याच्या दुकानाच्या माळ्यावरून माल जप्त झाला.

दक्षता अधिकारी तिसऱ्यांदा आला तेव्हा मिठाई नव्हती. दोषारोपपत्रात 'परत आलेला माल नवा म्हणून विकला' हे वाक्य असू नये, अशी त्याची विनंती होती. कंपनीची बदनामी होईल, तो म्हणाला. पार्सलवाल्याच्या बदनामीचे काय, असे मी विचारले. ती बाब मनुष्यबळ विभागाची आहे, असे उत्तर मिळाले. वाक्य मी काढले नाही. पार्सलवाल्याविरुद्ध काहीही पुरावा नाही, असा अहवाल न्यायालयात दिला आणि त्याची प्रत कंपनीला पोचपावतीने पाठवली.

पुढे फसवणुकीच्या कलमात न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, या तरतुदीचा लाभ दोन्ही पक्षांनी घेतला. कायद्याला धरून झाले, म्हणून मी त्याविरुद्ध बोलत नाही. पण त्या तडजोडीच्या वेळी पार्सलवाल्याचे नाव कोणीही काढले नाही, कारण तो पक्षकारच नव्हता. त्याच्यावर आरोप न्यायालयाने ठेवला नव्हता, कंपनीने ठेवला होता.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. पूर्वी माणसाला चोर म्हणायला तोंड लागे आणि ते मागे घ्यायलाही तोंड लागे. आता चोर म्हणायला एक कळ दाबली की पुरते, आणि ते मागे घेण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. कायद्याने निर्दोष माणसाला सोडवणे मला जमले. कंपन्यांच्या संगणकातून सोडवण्याचा अधिकार माझ्या गणवेशाला नव्हता.

निवृत्तीनंतर तो मला कापड बाजाराजवळ भेटला. साड्यांच्या गठ्ठ्यांची हातगाडी ओढत होता. इतर कंपन्यांत अर्ज केले का, असे मी विचारले. प्रत्येक ठिकाणी आधारचा नंबर टाकला की लाल पट्टी येते, तो म्हणाला. आणि मग हसून, मला बरे वाटावे म्हणूनच बहुधा, म्हणाला, "साहेब, पोलिसांनी सोडलं. कंप्युटर अजून सोडत नाही."

त्या दिवसापासून मी कंपनीला पत्रे लिहीत आहे. एकाही पत्राला उत्तर नाही. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असा यांत्रिक संदेश तेवढा येतो. म्हणून आज येथे, वाचकांसमोर, त्या कंपनीच्या विभागीय प्रमुखांना विचारतो. पोलिसांचा अहवाल तुमच्या हाती पोहोचल्याची पावती माझ्याकडे आहे. तरी या माणसाच्या नावापुढची चोरीची नोंद कोणाच्या आदेशाने अजून तशीच आहे? पुरावा असेल तर तो न्यायालयात मांडा. नसेल तर नोंद काढा, आणि ज्या ज्या कंपनीला ती पाठवलीत त्या प्रत्येकीला ती खोटी होती असे कळवा. मला खासगी पत्र पाठवू नका, मी ते स्वीकारणार नाही. त्याच्या मुलीने जे ऐकले ते चारचौघांत ऐकले. तुमचे उत्तर सुरतेच्या वर्तमानपत्रात, तुमच्या नावाने आणि सहीने, तिला वाचता येईल असे छापून आले पाहिजे.